आपल्या घरी जेवलेला सेंटर फॉरवर्ड

चिटगुप्प्याच्या मैदानावरची माती अजून तितकीच लाल आहे आणि धुतलेल्या कपड्यांवर तिचा अजून तितकाच डोळा आहे. शनिवारी दुपारी बसमधून उतरले, घरी न जाता पिशवीसकट आधी मैदानावर गेले, आणि दहा पावलांत साडीचा काठ रंगवून घेतला. मला फार बरं वाटलं. लातूरला शाळेत शिकवताना वर्षभर हात खडूनं पांढरे होतात, पण इथं आलं की पायापासून लाल व्हायला लागतं.

मैदानाच्या मधोमध माझा थोरला भाऊ बसण्णा वाकून फक्कीची रेघ ओढत होता. एकटाच. अण्णाचं वय साठीच्या पुढं, कंबर त्याहून दहा वर्षांनी मोठी, रेघ मात्र अजून सरळ. एकेकाळी तो आमच्या क्लबाचा लेफ्ट बॅक होता. आता सेक्रेटरी आहे, म्हणजे रेघा ओढणारा, जाळी शिवणारा, चेंडूत हवा भरणारा, सगळं तोच.

गुरुवारी त्याचा फोन आला होता.

"ऐतवारी निंबर्ग्याची टीम यायलीय. ह्यो शेवटचा सामना बग. फुडच्या ऐतवारी त्यांच्याकडं जायचंय, पर आमी जाणार न्हाई. लीगमधनं नावच काढून घ्यायलाव."

"कामून?"

"कुणासाठी खेळायचं? मागल्या सामन्याला पाच मानसं अन् दोन शेळ्या. त्यातल्या शेळ्याच तेवढ्या शेवटपर्यंत थांबल्या."

तो हसला नाही, आणि मी त्याच रात्री पिशवी भरली. दोन जिल्ह्यांच्या त्या लीगमध्ये वरचा गट आणि खालचा गट असतो. आमचा क्लब खालच्या गटात जन्मला, तिथंच वाढला, तिथंच रमला. वर जाण्याची घाई त्यानं कधी केली नाही. पण नाव काढून घेणं म्हणजे वेगळंच. घरात माणूस मागं पडला तर चालतं, ताटावरून उठून गेलेलं चालत नाही.

मी काठाशी उभी राहिले आणि वास आला. तो खरा तिथं होता की मीच सोबत आणला होता, देव जाणे. भाजलेल्या शेंगांचा, उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा, आणि त्यात मिसळलेला खेळाडूंच्या पोटऱ्यांना चोळलेल्या कापराच्या तेलाचा.

आमच्या लहानपणी सामन्याचा दिवस सामन्यानं सुरू होत नसे, चुलीनं होत असे. दिवाळी उलटली, ज्वारीला कणसं धरली, पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली की लीग सुरू. पाहुणी टीम सकाळच्या बसनं यायची. मठासमोरच्या लिंबाखाली ती पोरं रांगेनं उभी राहायची, आणि आमच्या गावचे वडीलधारे त्यांची वाटणी करायचे. एक पाहुणा एका घरी. दुपारचं जेवण त्या घरी, जेवून घटकाभर आडवं पडणं त्या घरी, आणि चार वाजता त्या घरातली सगळी माणसं आपल्या पाहुण्याला घेऊन मैदानावर. कुणी ही रीत घातली, कधी घातली, मला माहीत नाही. दाराशी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही हे आमच्या घरांत आईच्या दुधाबरोबर पोटात जातं, आणि फुटबॉल खेळायला आलेला माणूस दाराशी आलेलाच असतो की. लिंगायतांची घरं, मराठ्यांची घरं, मागच्या गल्लीतली मुसलमानांची घरं, सगळी या वाटणीत होती. खैरूनबीच्या घरी कुणी मटण न खाणारा पाहुणा गेला तर ती त्या दिवशी खट्टी दाळ आणि बगारा भात करायची आणि नवऱ्यालाही तेच वाढायची.

आता यातली खरी गंमत. ज्याला आपण जेवू घातलं, त्याच्यासाठी ओरडायचं, असा त्या रीतीचा दुसरा अर्धा भाग होता. तो कुणी सांगितलेला नव्हता, पण सगळ्यांना कळत होता. आपल्या हातची भाकरी खाऊन जो माणूस मैदानात उतरलाय, त्याची फजिती बघवत नाही. त्यामुळं चिटगुप्प्याच्या मैदानावर चिटगुप्प्याचे लोक दोन्ही बाजूंनी ओरडायचे. बाहेरगावच्या रेफरीला काही कळायचं नाही. तोही कुणाच्या तरी घरी जेवलेला असायचा, म्हणून त्याला शिव्या देतानासुद्धा एक घर कायम गप्प बसायचं.

आणि म्हणूनच आमच्या मैदानावर निम्म्याहून जास्त बायका असायच्या. इतर गावांत बायका फुटबॉल बघत नसत. आमच्याकडं बघत, कारण आपला पाहुणा नीट पळतोय का, दुपारची अंबाडीची भाजी त्याला पचली का, हे बघायला नको? त्यांना नियम सगळे मान्य होते, एक ऑफसाइड सोडून. पोरगं सगळ्यांच्या पुढं पळालं म्हणून त्याला शिक्षा, हे कुठल्याच बाईला कधी पटलं नाही.

आमच्या घरी बहुधा निंबर्ग्याचा रेवणसिद्ध यायचा. त्यांचा सेंटर फॉरवर्ड. उंच, वाळका, गालफडं बसलेली. तो पहिल्यांदा उंबऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याला बघून आमची अव्वा, म्हणजे आई, आतून कळवळली. "काय रे बाळा, तुमच्याकडं पिकत न्हाई का काय?" म्हणाली. निंबर्ग्याची काळीभोर जमीन, तिथं आमच्यापेक्षा दुप्पट पिकत होतं. पण रेवणसिद्ध लाजरा. मान खाली घालून पाटावर बसला.

त्या दिवशी अव्वानं शेंगापोळ्या केल्या होत्या. गूळ आणि शेंगदाण्याचं कूट भरलेल्या, तव्यावरच तुपात न्हालेल्या. तो "बस्स अव्वा" म्हणायचा आणि ती "येवढी येक" म्हणायची. मी दाराशी बसून मोजत होते, आठ झाल्यावर भीती वाटून मोजायचं सोडलं. चार वाजता रेवणसिद्ध मैदानात उतरला, म्हणजे उतरवला गेला. मोकळ्या गोलसमोर चेंडू त्याच्या पायाशी येऊन थांबला आणि त्यानं त्या चेंडूकडं असं बघितलं की हाही आता खायला लागतो की काय. पाय उचलेपर्यंत आमच्या गोलकीपरनं चेंडू उचलून नेला होता.

निंबर्गेकरांनी बोभाटा केला. चिटगुप्प्याच्या बायकांनी जेवणात काहीतरी घातलं म्हणाले. अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं डाव टाकला नव्हता, फक्त वाढलं होतं. पुढच्या वर्षी तिनं मुद्दाम त्याला मऊ कण्या आणि ताक दिलं, वर अर्धी भाकरी, आणि सक्तीनं निजवलं. रेवणसिद्धनं तीन गोल केले. तिन्ही अण्णाला चकवून. तो चेंडू घेऊन निघाला की अव्वा पदर कमरेला खोचून काठाकाठानं त्याच्याबरोबर पळायची आणि ओरडायची, "पळ रे बाळा, पळ!" समोर त्याला अडवायला तिचा स्वतःचा मुलगा उभा होता.

संध्याकाळी अण्णा चिखलमातीच्या पायांनी घरात आला आणि जेवायलाच बसेना.

"अव्वा, मी तुजा पोरगा हाय का त्यो?"

"तू हाईस की."

"मग त्याच्यासाठी कामून वरडायलीस?"

अव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, "तू रोज जेवतूस. त्यो आज जेवलाय."

अण्णा ताटावर बसला. गावानं मात्र आठ दिवस अव्वाशी अबोला धरला. नवव्या दिवशी विहिरीवर सगळ्याजणी पुन्हा हसायला लागल्या, कारण तोवर खैरूनबीच्या पाहुण्यानं आमच्या विरुद्ध दोन गोल केले होते आणि अबोला धरायला नवं माणूस मिळालं होतं.

अर्ध्या वेळेची शिट्टी झाली की मैदानात खेळाडूंपेक्षा तांबे जास्त दिसायचे. जिची तिची आपल्या पाहुण्याकडं धाव. कुणी ताक, कुणी लिंबाचं पाणी, कुणी ओला टॉवेल. दुसरा अर्धा भाग सुरू करायला रेफरीला आधी बायकांना बाहेर काढायला शिट्टी वाजवावी लागायची, आणि ती सामन्यातली सर्वांत लांब शिट्टी असायची. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी सामना आला तर विचारूच नका. आदल्या दिवशी सगळं गाव शेतात बसून भज्जी, उंडे आणि आंबील खाऊन आलेलं, उरलेलं सगळं पाहुण्यांच्या ताटात. तसल्या सामन्यात दोन्ही टीमा चालत खेळायच्या आणि कुणीच तक्रार करायचं नाही. हलगीवालासुद्धा बसूनच वाजवायचा.

संध्याकाळी पाहुणे बसकडं निघाले की प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. काळ्या रानातली ती पोरं आमच्या लाल मातीनं माखून, लाल गुडघ्यांनी परत जायची. बस सुटली की गल्ली एकदम शांत व्हायची. मला त्या शांततेत रडू यायचं, आणि सोमवारी शाळेत जायचं म्हणून येतंय असं मी सांगायची.

हे सगळं कधी थांबलं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. टीमा जीपनं यायला लागल्या, साडेतीनला उतरायच्या, साडेपाचला जायच्या. हमरस्त्यावरच्या धाब्यावर जेवून यायच्या. एक घर सुटलं, मग दुसरं. हलगी गेली, तांबे गेले. एका वर्षी बायकांमध्ये फक्त अव्वा उरली, आणि मग अव्वाही गेली.

"उभी कामून? घरी चल, पाय भाजायलेत," अण्णा फक्कीचा डबा उचलत म्हणाला. मी म्हटलं, "अण्णा, निंबर्ग्याच्या पोरांना उद्या अकरा वाजता यायला सांग."

"सामना चारला हाय."

"जेवायला सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग डबा खाली ठेवला, मग परत उचलला. "कोण घालतंय आता? चौदा पोरं हाईत. तुज्या वहिनीला येकटीला मारतीस का काय?"

पण घरी महादेवीवहिनीनं ऐकलं मात्र, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम तेज चढलं. ती या घरात आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिच्या हातचं जेवायला पाहुणा बसला होता. पदर सावरून म्हणाली, "आधी हो तरी म्हनू दे लोकांला. चला वन्सं." आणि आम्ही दोघी गल्लीत निघालो, हातात काही नाही, तोंडात एकच वाक्य: तुमच्याकडं उद्या एक पोरगं जेवायला पाठवू का?

मला वाटलं होतं लोक टाळतील. कुणी म्हणेल गॅस संपलाय, कुणी म्हणेल पाहुणे आहेत. मोबाइलच्या दुकानातला जगदीश म्हणाला, "एकच? दोन पाठवा, आमच्याकडं ताटं लई हाईत." निवृत्त कंडक्टर मल्लप्पांनी मांसाहार चालतो का विचारलं आणि मग स्वतःच म्हणाले की नको, उद्या सोमवार नाही तरी नको, देवाचं काम आहे. खैरूनबी आता ऐंशीची झालीय, डोळ्यांनी कमी दिसतं. तिनं माझा हात चाचपून ओळखलं. "अव्वाकी बेटी? एक पोट्टा मेरेकू बी देव. मजबूतवाला देव." तिला गोल करणारा हवा होता. तासाभरात पोरं संपली, घरं उरली. राहिलेली घरं आमच्यावर रुसली, आणि अण्णाला निंबर्ग्याला फोन लावावाच लागला.

रविवारी अकराला निंबर्ग्याची जीप लिंबाखाली थांबली. पोरं बिचकत उतरली, त्यांना हे काय चाललंय ते कळेना. आमच्या वाट्याला त्यांचा कॅप्टन सिद्राम आला. वीस-बावीस वर्षांचा, कानात बाळी, हातात मोबाइल. कडगंचीच्या युनिव्हर्सिटीत शिकतो म्हणाला. वहिनीनं ताट समोर ठेवलं तेव्हा त्यानं आधी त्याचा फोटो काढला आणि आईला पाठवला. आईचा लगेच फोन. तो कानडीत म्हणाला, नाही गं, हॉटेल नाही, घर आहे. मग बराच वेळ ऐकत राहिला, आणि हसून आम्हाला म्हणाला, "आई विचारायलीय, तुमच्याकडं चटणीत लसूण किती घालतात?" वहिनीनं फोन घेतला. त्या दोघी पंधरा मिनिटं बोलल्या. अर्धं कानडी, अर्धं मराठी, सगळं लसणाबद्दल.

चार वाजता मी मैदानावर गेले आणि काठावर बसायला जागा नव्हती. खरंच नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या, सतरंज्या आल्या होत्या. खैरूनबीला तिच्या नातवानं स्कूटरवर आणलं होतं आणि ती दर दोन मिनिटांनी विचारत होती, "मेरा कौनसा? मेरा कौनसा?" सिद्रामनं पहिला गोल केला तेव्हा आमची वहिनी उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि शेजारीच तिचा नवरा, आमच्या क्लबाचा सेक्रेटरी, कपाळाला हात लावून बसला होता. मी इतकी हसले की पोटात कळ आली. आमच्या टीमनं शेवटी एक गोल मारला, पण तोवर त्यांचे तीन झाले होते, आणि त्यांच्या प्रत्येक गोलानंतर आमचंच गाव नाचलं होतं.

घरी येताना अण्णा माझ्या पुढं चालत होता. मला वाटलं, पटलं असेल. ओसरीवर पाय धुताना म्हणाला, "ग्वाड झालं. अव्वा असती तर पळाली असती. पर येक दिवसाचं हाय हे. आपल्या पोरांसाठी कोन आलंतं? समदे पाव्हन्यांसाठी आले. फुडच्या ऐतवारी ह्यातलं येक मानूस दिसणार न्हाई. नाव काढायचंच."

तो खोटं बोलत नव्हता. मलाही उद्या लातूर गाठायचं होतं.

सोमवारी सकाळी पिशवी भरून मी ओसरीवर उभी होते आणि अण्णाचा मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. त्याला स्पीकरशिवाय ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या घरानं ऐकलं. सिद्रामची आई बोलत होती.

"अण्णा, माज्या पोराला पोटभर जेवाया घातलासा. आता फुडच्या ऐतवारी तुमी यायलासा न्हवं? मी गल्लीत सांगून ठिवलंय. तीस घरं तयार हाईत. किती मानसं यायलासा तेवढं सांगा, शेंगा भाजायच्या हाईत."

अण्णानं घसा साफ केला. नाव काढलंय, येणार नाही, असं सांगायचं होतं त्याला. मी बघत होते. ते वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलेलं मला दिसलं. पण समोर कुणीतरी जेवायला बोलावत होतं, आणि आमच्या घरात त्याला नाही म्हणायची सवय कुणालाच नाही.

"टीमची अकरा पोरं," तो चाचरत म्हणाला. "अन् येक जास्तीचा. अन् मी. तेरा."

"तेरा?" मग बाईचा आवाज खाली आला, थोडा दुखावलेला. "मग बाकीच्या सतरा घरांनी काय करायचं वो? तुमच्या गावात तुमच्या पोरांचा खेळ बगनारी सतरा मानसं न्हाईत काय?"

अण्णानं अंगणाकडं बघितलं. कोपऱ्यात फक्कीचा डबा, दोरीवर वाळत घातलेले अकरा लाल शर्ट. मग वहिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हाईत की," तो म्हणाला. "न्हाईत कशानं? तीस सांगा."

त्यानं फोन ठेवला. टोपी चढवली, चपला शोधल्या, एक सापडेना म्हणून वहिनीवर खेकसला. मी विचारलं, "अण्णा, कुठं निघालास?"

"सतरा मानसं गोळा कराया. तीस म्हनून बसलाव न्हवं?" फाटकापर्यंत गेला, तिथं थांबला, आणि माझ्या भरलेल्या पिशवीकडं बोट करून म्हणाला, "पंधराच लागत्यात म्हना. तुजी वहिनी हाय, अन् तू हाईस."

मी पिशवी आत नेऊन ठेवली आणि शाळेला रजेचा निरोप पाठवला.